राघो मार्करची हार

टेनिसचं कोर्ट सारवायचं म्हंजे अंगन सारवन्यासारखं न्हाय. अंगनात कुठं खळगा राहिला तर कोंबडी अडखळते, बास. कोर्टात खळगा राहिला की बॉल वाकडा उडतो, साहेब हरतो आनि मग शिव्या आपल्याला. पावसाळा सरला की कशेळीतून आम्ही पाच-सहा बाया पूल ओलांडून ठान्याच्या क्लबात सारवायला जायचो. लाल माती चाळायची, भाताचा कोंडा मिसळायचा, शेन पातळ कालवायचं, आनि एकदा हात लावला की थांबायचं न्हाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत मागं मागं सरकत यायचं. मधेच थांबलं की तिथं शिवन दिसते. गुनाबाई तंबाखूसाठी थांबायची आनि दरवर्षी तिच्याच जागी भेग पडायची.

हसू नको गं माधवी, लिही. शेनाचं सांगितल्याबिगर राघोचं सांगता येत न्हाय, कारन राघो त्या कोर्टावर शेनाच्या पान्यासाठीच आला व्हता.

राघो म्हंजे माझा पाठचा भाऊ, तुझ्या आईचा मामा. तू त्याला खोकताना पाहिलंस. ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला पाहिलंस. खेळताना न्हाय पाहिलंस, म्हनून सांगते.

आईबाप गेले तवा माझं लगीन होऊन मी कशेळीला आलेली. त्याला कोन ठेवनार? तुझा आजा म्हनाला, "आन त्याला, एका भाकरीनं आपन मरत न्हाय." आला. उंच, काटकुळा, ओठावर नुकती मिसरूड. कामाला लावला तर कुठं टिकेना. रेतीच्या होडीवर पाठवला, तर पाटी उचलताना पाठ धरून बसला. मग मी म्हटलं चल माझ्यासंगं, विहिरीचं पानी तरी ओढशील. ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट असंल.

तिथं सावळाराम म्हनून म्हातारा मार्कर व्हता. मार्कर म्हंजे काय, ते लिही, न्हायतर वाचनाऱ्याला कळायचं न्हाय. क्लबातले साहेब लोक खेळायला येतात. एखाद्याला जोडीदार मिळाला न्हाय की पगारावर ठेवलेला मानूस त्याच्यासंगं खेळतो. तो मार्कर. त्याला साहेब लोकांच्या टुर्नामेंटमधे खेळायला मिळत न्हाय. का, तर हा पोटासाठी खेळतो, आनि ते हौशी.

तर आम्ही शेजारचं कोर्ट सारवत व्हतो आनि एक बॉल आला उडत माझ्या ओल्या मातीवर. राघोनं हातातल्या खराट्याच्या दांड्यानं तो वरच्यावर परत केला. बरोबर सावळारामच्या हातात. सावळाराम बघतच राहिला. मुद्दाम दुसरा टाकला. तो पन परत. तिसरा, तो पन.

"अरे ए खांबा, इकडं ये," म्हनाला. "नाव काय?"

"राघो."

"उद्यापासून शेनपानी सोड आनि बॅट धर."

मी तिथूनच ओरडले, "दादा, पगार किती?"

"पगार थोडा हाय ताई. पन उन्हात काळं व्हायचे पैसे कापत न्हायत."

असा तो मार्कर झाला. वर्सभरात असा खेळायला लागला की सावळाराम त्याच्यापुढं पळेना. पन खेळनं येगळं आनि मार्कर होनं येगळं. सावळारामनं त्याला पयली गोष्ट शिकवली ती माझ्यासमोर. आम्ही सावलीत भाकरी खात बसलेलो. म्हनाला, "राघ्या, साहेबाचा घाम काढायचा, पानउतारा न्हाय. बॉल असा द्यायचा की त्याला दोन पावलं पळावं लागंल, तिसरं न्हाय. आनि त्यानं मारला की म्हनायचं, काय मारलात साहेब! तो खूश तर तुझी नोकरी जाग्यावर."

"आनि जिंकायचं कवा?" राघोनं विचारलं.

"जिंकायला त्याची बायको हाय की घरी."

आम्ही बाया हसलो. राघो पन हसला. पन त्यानं ते असं शिकून घेतलं जसं लहान पोर चालायला शिकतं. पंधरा वर्सं तेच केलं. पोटं सुटलेले वकील, गुडघे दुखनारे डॉक्टर, नव्यानं शिकायला आलेल्या त्यांच्या बायका, सगळ्यांच्या बॅटखाली बॉल द्यायचा. साहेबाचा वाढदिवस असला की जरा जास्त फरकानं हरायचा. घरी येऊन सांगायचा, "बाय, आज कारखान्याच्या साहेबाला जिंकवला, त्याचा मुलगा नापास झालाय, तोंड उतरलेलं."

आपल्याकडं मोठ्या बहिनीला बाय म्हनतात, तो मला बायच म्हनायचा.

त्याचं लगीन जमलं न्हाय. दोन-तीन ठिकानी बघायला गेलो. अकलोलीकडच्या एका घरी पोरीच्या बापानं विचारलं, "मुलगा काय करतो?" तुझा आजा म्हनाला, "क्लबात टेनिस खेळतो." बाप म्हनाला, "ते कळलं, पन काम काय करतो?" दुसऱ्या घरी विचारलं, नोकरी कायम हाय का? ती नव्हती. पंधरा वर्सं झाली तरी रोजंदारी. साहेब लोक दर दिवाळीला म्हनायचे, बघू, कमिटीत विषय घेऊ.

मग ते वर्स आलं. शहान्नव. क्लबाला नवीन सेक्रेटरी आले, सुधीर साहेब. वकील, मानूस वाईट नव्हता, बोलायला गोड. त्यांनी ठरवलं की शेनमातीची कोर्टं काढायची आनि सिमेंटची करायची. म्हंजे आमचं सारवनं संपलं. आनि मार्कर पन काढायचे. त्यांच्या जागी एकच कोच ठेवायचा, पोरांना शिकवायला, पर्मनंट, पगार, रजा, सगळं.

क्लबात तवा दोन मार्कर. एक राघो आनि दुसरा अनंता, पूर्ना गावचा. सावळाराम वारला तवा त्याच्या जागी अनंता आला व्हता. त्याला बॅट धरायला राघोनंच शिकवलं. हसरा, बडबड्या, राघोपेक्षा बारा-तेरा वर्सांनी लहान असंल. "दादा, दादा" करत मागं फिरायचा. माझ्या हातची बोंबील-भाकरी खाल्ल्याबिगर जायचा न्हाय.

आता दोघांतून कोनाला ठेवायचं? सुधीर साहेबांना टीव्हीवरचं टेनिस बघायचा लय नाद. दर वर्साच्या शेवटी जर्मनीत मोठी टुर्नामेंट होते म्हने. वर्सभर सगळ्या जगात जे खेळले त्यातले वरचे आठ जन तेवढे घेतात. चार-चारचे दोन गट. गटातल्या प्रत्येकानं प्रत्येकासंगं खेळायचं, मग दोन्ही गटांतले वरचे दोन-दोन पुढं. साहेब म्हनाले, "आपण मार्कर लोकांची अशीच स्पर्धा घेऊ. ठाणे, कल्याण, मुंबई, सगळ्या क्लबांतून आठ जण बोलावू. जो जिंकेल तो आपला कोच. कुणाचा वशिला नको, काही नको."

राघोनं घरी येऊन सांगितलं. जेवताना हात थांबलेला.

मी म्हटलं, "मग जिंक की."

"बाय, जिंकलो न्हाय तर पूल ओलांडायचं कारनच संपलं. दुसरं काय येतं मला?"

"काय न्हाय येत," तुझा आजा म्हनाला. "रेतीची पाटी पन उचलता आली न्हाय तुला." चेष्टेत म्हनाला तो, पन राघो हसला न्हाय.

शेजारच्या जानकीबाईकडं नवीन केबल आली व्हती. रविवारी संध्याकाळी जर्मनीची फायनल लागनार म्हनून राघो मला घेऊन गेला. म्हनाला, "बाय, तू कोर्ट सारवतेस, एकदा बघ तरी जगातले मोठे लोक कसे खेळतात." जानकीबाई आधी कुरकुरली, तिला मालिका बघायची व्हती. मग आमच्यासंगंच बसली, आनि सगळ्यात जास्त तीच ओरडली.

एक जर्मनीचाच, बेकर म्हनून, तांबूस केसांचा, धिप्पाड. सगळं छप्पर त्याच्या नावानं गर्जत व्हतं. दुसरा अमेरिकेचा सांप्रास, काळ्या केसांचा, दमला की जीभ बाहेर काढायचा. मला तोच आवडला, आपल्यातलाच वाटला. मी विचारलं, त्यांचं कोर्ट कोन सारवतं? राघो म्हनाला, "सारवत न्हायत बाय, घरात खेळतात ते, छपराखाली." मला सांगायला लागला, आठ जनांत कोन कोन व्हते. एक डावखुरा, त्याची सर्व्हिस डोळ्याला दिसतच न्हाय. एक बुटका, चिनी तोंडाचा पन अमेरिकेचाच, तो दमतच न्हाय. सगळ्यांना मागं टाकून हे दोघं उरले. आनि ऐक, याच जर्मनवाल्यानं त्या सांप्रासला चार दिवसांमागं गटात हरवलं व्हतं.

"मग तो परत कसा आला?" जानकीबाई म्हनाली. "हरला तो हरला."

"हीच तर यातली रीत हाय," राघो म्हनाला. "एकदा हरून संपत न्हाय."

लय वेळ चालली ती मॅच. आमची जेवनं राहिली. शेवटी तो जीभवालाच जिंकला, आनि दोघांनी जाळीपाशी मिठी मारली. जानकीबाईनं डोळे पुसले. राघो मातर कोनीतरी अंगावर पानी ओतल्यासारखा बसलेला. घरी येताना बोलला.

"बाय, पाहिलंस? मानूस जिथं न्हाय तिथं मारतात ते."

"मग तू पन मार तसा."

"येतो मला फटका. सगळे फटके येतात. पन मी जन्मभर मानूस जिथं हाय तिथंच मारत आलो."

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. आमची भातझोडनी झालेली, खळं रिकामं. गुनाबाईला बोलवलं, शेजारच्या वाफ्याचे बांध फोडून घेतले, आनि दोघींनी खळ्याला लागून कोर्टाएवढी जमीन धोपटून सारवली. मासळीचं जुनं जाळं मधे बांधलं. तुझा आजा म्हनाला, "लोक खळ्याची पूजा करतात, हे बहीन-भाऊ खळ्यावर जाळं लावतात." पन खांब त्यानंच रोवून दिले.

तिथं राघो सराव करायचा. समोर कोनी पायजे ना, तर मी उभी राहायची. लुगडं खोचलेलं, हातात सूप. म्हनायची, "मार, मी न्हाय तिथं मार." तो मारायचा आनि बॉल येऊन माझ्या सुपात पडायचा. टप्प! गुनाबाई बांधावर हसून लोळायची. "अगं, सुपात पाखडून दे त्याला!" मी डावीकडं सरकले की बॉल डावीकडं, उजवीकडं सरकले की उजवीकडं. शेवटी मी चिडले. म्हटलं, "राघ्या, मी तुझी बहीन न्हाय. मी तुझी नोकरी काढनारी हाय. मार!" तवा कुठं एक बॉल असा सनकन गेला की मला वारा लागला. मग दुसरा. मग जमायला लागलं. गुडघा सुजायचा म्हनून एका शुक्रवारी अकलोलीच्या गरम कुंडात पाय घालून बसवून आनला. तिथं पान्यात बसल्या बसल्या म्हनाला, "बाय, आता हात वळलाय गं." तोंडावर असं तेज मी त्याच्या कवाच पाहिलं नव्हतं.

डिसेंबरात टुर्नामेंट लागली. कोर्टं शेवटची सारवायला आम्हीच गेलो. नंतर त्यावर सिमेंट पडनार, तरी मी एक रेघ वाकडी येऊ दिली न्हाय. साहेब लोकांनी खुर्च्या मांडल्या, मंडप घातला. आठ मार्कर, सगळे पांढऱ्या कपड्यांत, कुनाचे कपडे साहेबांचेच जुने. एकमेकांना ओळखनारे, बिडीला बिडी देनारे, आनि त्या दिवशी कोनी कोनाशी बोलंना.

राघो आनि अनंता एकाच गटात आले. राघोनं गटातले तिन्ही जन हरवले, अनंताला पन. अनंता जाळीपाशी येऊन म्हनाला, "दादा, हे मारनं कवा शिकलात? मला न्हाय शिकवलं ते!"

"सूप घेऊन बहीन उभी राहिली की येतं," राघो म्हनाला.

अनंता दुसऱ्या दोघांना हरवून पुढं आला. त्या रीतीप्रमानं. पुढच्या फेरीत मुंबईच्या एका मोठ्या क्लबाचा मार्कर राघोसमोर आला. त्याला पन उडवला. तिकडून अनंता जिंकला. म्हंजे फायनलला परत हे दोघंच. क्लबातले सगळे खूश, आपलीच दोन पोरं म्हनून.

रविवारी दुपार कलल्यावर खेळ सुरू झाला. मी आनि गुनाबाई रोलर ठेवतात त्या छपरीत बसलेलो. एक सेट राघोनं घेतला, एक अनंतानं. तिसरा चुरशीचा. राघो पुढं व्हता, पाच-चार. गुनाबाई सारखी विचारायची, आता किती, आता किती. मी म्हटलं, गप, आता एकच. हा एक बॉल मिळाला की संपलं.

त्या बॉलाला राघोनं अनंताला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवला. अनंता पोचला, बॅट लागली, पन पाय घसरला आनि आडवा झाला. बॉल उंच वर गेला, अगदी हळू, आनि राघोच्या पुढं मधोमध खाली यायला लागला. अख्खं कोर्ट रिकामं. अनंता एका कोपऱ्यात गुडघ्यावर, उठायच्या बेतात. माधवी, तू असतीस तरी तुला मारता आला असता गं तो बॉल. रिकाम्या बाजूला नुसता टेकवायचा व्हता.

राघोनं हात मागं नेला. मी पाहिलं, तो अनंताकडं बघत व्हता. आनि हात पुढं आला आनि बॉल गेला तो अलगद, कमरेएवढा, अनंताच्या बॅटखाली. जसा पंधरा वर्सं गुडघे दुखनाऱ्या डॉक्टरला द्यायचा तसा. दोन पावलं पन पळावं लागू नये असा. अनंतानं गुडघ्यावरूनच मारला आनि तो राघोच्या बाजूनं निघून गेला.

 मग सुधीर साहेब उठून उभे राहिले आनि टाळ्या वाजवायला लागले. "वा राघो, वा! पडलेल्या माणसावर मारला नाहीस! याला म्हणतात खेळाडू!" मग सगळेच उठले. टाळ्यांवर टाळ्या. बायका डोळ्याला रुमाल लावतायत.

मी मातर राघोच्या तोंडाकडं बघत व्हते. तो आपल्या हाताकडं बघत व्हता. असा, पंजा उलटा करून, कोनाचा तरी दुसऱ्याचा हात मनगटाला लागलाय असा.

मग त्याला काय जमलंच न्हाय. टाळ्या थांबेनात आनि त्याचा बॉल जाळीत जायला लागला. अनंता तरना, तो सुटला. सेट गेला, मॅच गेली. जाळीपाशी अनंता त्याच्या पाया पडायला वाकला, राघोनं उठवून पाठीवर हात फिरवला. लोकांना अजून भरून आलं.

बक्षीस समारंभात अनंताला कप दिला आनि कोच म्हनून जाहीर केलं. आनि मग राघोला पुढं बोलवलं, शाल घातली, नारळ दिला. सुधीर साहेब माईकवर म्हनाले, "आज कप अनंतानं घेतला, पण सामना राघोनं दिला. आपल्या शिष्याला जागा करून देणारा असा गुरू आजच्या काळात कुठे मिळतो? राघोला नोकरीची हाव नाही, मित्रहो. हे मोठं मन आहे."

मी छपरीतून उठले. मला तिथं जाऊन ओरडायचं व्हतं, हाव हाय, साहेब! नोकरी पायजे त्याला! राघोनं लांबून मला बघितलं आनि मान हलवली. एवढीशी. मी जागच्या जागी बसले.

परत येताना तो सायकल हातात धरून चालला, मी बाजूनं. पुलावर ट्रकची रांग लागलेली, धूर, हॉर्न. शाल त्यानं घडी करून कॅरियरला लावलेली. मधे आल्यावर थांबला. कठड्याला सायकल टेकवली.

"बाय, मी मुद्दाम न्हाय दिला."

"मला ठावं हाय."

"मला जिंकायचं व्हतं गं. लय जिंकायचं व्हतं. मी मारला तो रिकाम्या बाजूलाच मारला. मनात तिकडंच मारला. हात इकडं गेला."

"मग सांग ना त्यांना. उद्या जाऊन सांग. म्हन, मला पन नोकरी द्या, दुसरी काय तरी द्या, हात जोडून सांग."

"काय सांगू? की मोठं मन बिन काय न्हाय, मला मारताच आला न्हाय? आज पंधरा वर्सांत पयल्यांदा ते लोक माझ्यासाठी उभे राहिले, बाय. त्यांनी जे पाहिलं ते खोटं हाय. पन ते काढून घेतलं तर मागं काय उरतं? नोकरी तर गेलीच. तू पन कोनाला सांगू नको."

 मागून ट्रकवाला ओरडला, "अरे सायकल हटाव!" आम्ही चालायला लागलो.

आनि बघ, मोठं मन म्हटल्यावर पुढं कोनी विचारायला पन आलं न्हाय, की राघो, तुझं आता कसं चाललंय. ज्याला हाव न्हाय त्याची काळजी कशाला करायची? दिवाळीची बक्षिसी सुद्धा बंद झाली.

मग भिवंडीत एका कारखान्यात मागावर लागला. तिकडचे सगळे यूपीचे भाई लोक, चांगले व्हते, त्याला संभाळून घ्यायचे. मागाच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागतं, आनि ह्याचा आवाज मऊ. "अरे राघोभाई, साहब के सामने खड़े हो क्या? ज़ोर से बोलो!" म्हनून चिडवायचे. तो हसायचा. कापसाची धूळ त्याला सोसली न्हाय. खोकला लागला तो सुटला न्हाय. शुक्रवारी माग बंद, सुट्टी, तर त्या ओट्यावर बसून राहायचा. पूल ओलांडून परत कवा गेला न्हाय. तुझा आजा म्हनायचा, चल ठान्याला बाजार करू, तर म्हनायचा, तुम्ही जा दाजी.

अनंता मातर दर दिवाळीला यायचा. मिठाई, राघोला कपडा. पाया पडायचा आनि म्हनायचा, "दादा, तुमच्यामुळं ताट वाढलंय माझ्यापुढं." राघो त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. अनंता गेला की त्या दिवशी राघो जेवायचा न्हाय. मी मिठाई पुढं केली की म्हनायचा, पोरांना दे.

गेल्या भाद्रपदात गेला. शेवटी शेवटी त्याला बोलवत नव्हतं, नुसता माझा हात धरून राहायचा. त्या मोठ्या मनामागचं खरं त्यानं मरेस्तोवर कोनाला सांगितलं न्हाय, आनि मी पन न्हाय, कारन पुलावर त्यानं मला तसं मागितलं व्हतं.

दहाव्याला खाडीवर सगळे जमले. भटजी पिंड मांडत व्हते. अनंता पन आलेला, डोकं उघडं, पांढरे कपडे. लोकांना सांगत व्हता, रडत रडत, "देव मानूस. माझ्यासाठी त्यांनी आपली नोकरी सोडली. माझ्या बॅटखाली बॉल दिला." पूर्न्याची दोन मानसं च्‌ च्‌ करत मान हलवत व्हती. म्हनाली, असा मानूस व्हनार न्हाय.

मला ते ऐकवेना. माझा भाऊ तिथं पिठाच्या गोळ्यात बसलाय, आनि हे दुसऱ्याच कोनाला तरी रडतायत. मी अनंताला हात धरून बाजूला नेला, होड्या बांधतात त्या दगडावर.

"अनंता, त्यानं तो बॉल तुला दिला न्हाय."

"ताई?"

"त्याचा हात चुकला. पंधरा वर्सांची सवय, हात तिकडंच गेला. त्याला जिंकायचं व्हतं. तुला हरवायचं व्हतं त्याला. खळ्यावर मी सूप घेऊन उभी राहायची ते कशासाठी? नोकरी पायजे व्हती त्याला, अनंता. तुझ्यापेक्षा जास्त पायजे व्हती."

अनंता खाली बसला. ओल्या दगडावरच बसला. म्हनाला, "खरं सांगता?"

"भावाच्या दहाव्याला खोटं बोलू?"

"ताई, तीन वर्सं मी त्या क्लबात चोरासारखा जातो. पोरांना शिकवताना वाटतं ही जागा माझी न्हाय. लोक कोचसाहेब म्हनतात आनि मला वाटतं, हे सगळं भीक घातलेलं हाय. बायकोला पन कवा सांगितलं न्हाय की मी जिंकलो. म्हटलं, दादांनी दिलं." मग माझ्याकडं बघून एकदम लहान पोरासारखं विचारलं, "म्हंजे मी खरंच जिंकलो व्हतो?"

"हो. त्यानंतरचे गेम तूच मारलेस. तू खरंच जिंकलास. आनि तो खरंच हरला."

त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. हसू का रडू त्याचं त्यालाच कळंना. मधेच हात बाजूला करून म्हनाला, "मग तीन वर्सं मी त्यांच्या पाया पडत व्हतो तवा त्यांना काय वाटत असंल, ताई?"

 खाडीचं पानी चढत व्हतं, दगडापर्यंत आलं व्हतं. तिकडून भटजी हाका मारायला लागले, मी म्हटलं, ऊठ बाबा, कपडे भिजतील. तो उठला आनि माझ्या मागनं चालत आला. मग लोकांत जाऊन उभा राहिला, पन बॉल दिल्याचं परत कोनाला सांगितलं न्हाय.